येझदीला आपली हवा सांगताना

जुन्या मोटरसायकलचा कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग, उतरवला की त्याची तळाशी पेट्रोल साठवणारी फ्लोटची वाटी मी न हिंदकळू देता काढतो आणि आतलं पेट्रोल एका पांढऱ्या बशीत ओततो. बशी पांढरीच हवी, तिच्यावर सगळं दिसतं. पाणी असेल तर ते पेट्रोलच्या खाली गोल थेंब होऊन बसतं. टाकीतला गंज तांबूस कणांनी तळाशी पसरतो. गाडी बरेच महिने उभी असेल तर पेट्रोल उडून गेलेलं असतं आणि मागे हिरवट-पिवळा चिकट थर राहिलेला असतो. त्याचा आंबूस वास एकदा नाकात बसला की पुन्हा ओळखावा लागत नाही. बशीत काय उतरलं यावरून गाडी कुठे उभी होती तेही बऱ्यापैकी सांगता येतं. खानापूर तालुक्यातल्या गाडीत पाणी सापडतं आणि धातूला धरलेली पांढरी भुकटी. अथणीकडच्या गाडीत एअर फिल्टरला चुकवून आत शिरलेली बारीक माती.

एकाच बेळगाव जिल्ह्याची ही दोन टोकं. एकीकडे सह्याद्रीचा माथा, कणकुंबीला मलप्रभेचा उगम आणि पावसाळ्यात कपडे वाळवायला चुलीवर दोरी बांधणारी गावं. दुसरीकडे आभाळाकडे डोळे लावून बसलेलं पूर्वेचं रान. आजच्या इंजेक्शनच्या गाडीला या फरकाचं काही वाटत नाही. हवा किती आणि कशी आली ते सेन्सर बघतात, पेट्रोल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या मोटरसायकलींवरून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. माझी येझदी त्याच्या कितीतरी आधीची. ती कुठल्या मुलखात चालणार आहे, हे तिला कुणीतरी हाताने सांगावं लागतं. पेट्रोल मापून सोडणारे, बारीक भोकाचे पितळेचे दोन-तीन जेट, एक सुई, एक स्क्रू, एवढ्यांतूनच ते सांगायचं. या कामाने मला धरून ठेवलं आहे ते यासाठी. मला माझ्या गावाची उंची, दमटपणा, पंपावरच्या पेट्रोलात काय मिसळलंय, हे सगळं गाडीमुळे कळत गेलं.

गाडी काकांची. जांबोटीच्या अलीकडच्या गावात गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती बरीच वर्षं झाकून ठेवलेली होती. येझदी म्हणजे आपल्याच राज्यातली गाडी. १९६०च्या सुमारास रुस्तम आणि फारोख इराणी यांनी म्हैसूरला आयडियल जावा सुरू केली, चेकोस्लोव्हाकियाच्या जावाच्या परवान्यावर. सत्तरच्या दशकात टाकीवरचं जावा हे नाव जाऊन येझदी आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. एकच सिलेंडर पण सायलेन्सर दोन, किक आणि गिअरचा दांडा एकच, हे ज्यांनी वापरलंय त्यांना सांगायला नको. आमच्या सीमाभागात दूधवाल्यापासून तंबाखूच्या व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांनी ती पळवली. निपाणीच्या बाजारातून घाट चढून येणाऱ्या येझदीचा आवाज माझ्या पिढीच्या कानात अजून आहे.

कार्बोरेटरचं काम मला शिकवलं ते अनगोळच्या बाजूला गॅरेज असलेल्या उस्तादांनी. ते माझ्याशी मराठीत, खेड्यातून आलेल्या शेतकऱ्याशी कन्नडमध्ये आणि हाताखालच्या पोराशी दखनीत बोलतात. एका भाषेतून दुसरीत जाताना वाक्यही थांबत नाही. बेळगावात यात नवल काही नाही. मी पहिल्यांदा पाना हातात घेऊन गाडीजवळ बसलो तेव्हा ते लांबूनच ओरडले, "काय करूलास गा? आधी चालू कर, ऐकून घे की. मग खोल."

ऐकायचं काय, तर दोन-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोल जास्त होतं तेव्हा ते प्रत्येक फेरीला पेटत नाही, एक सोडून एक पेटतं. आवाज अडखळत, जड येतो आणि मागे धूर. पेट्रोल कमी पडत असेल तर उलटं. रेस सोडली तरी इंजिन खाली यायला वेळ लावतं, वरच रेंगाळतं. आवाज कोरडा, पातळ होतो. चार-स्ट्रोकच्या गाडीला पेट्रोल कमी पडलं तर ती तापते, कुरकुरते. येझदीचं दुखणं त्याहून मोठं, कारण ऑइल पेट्रोलातच मिसळलेलं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी, आणि पिस्टन सिलेंडरला धरायला तेवढं पुरतं.

आणखी एक गोष्ट उस्तादांनी पक्की करून घेतली. रेस वर रेंगाळते म्हणून कार्बोरेटरला दोष देण्याआधी क्रँकचे ऑइल सील बघायचे. दोन-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये जातं. तिथलं सील गेलं असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, आणि मग कितीही स्क्रू फिरवा, काही उपयोग नाही. तसंच प्लगला ठिणगी देणारे पॉइंट. पॉइंटचा गॅप बिघडला असताना लोक महिनाभर जेट बदलत बसतात. सील, पॉइंट आणि प्लग चांगले आहेत याची खात्री झाल्याशिवाय मी आता कार्बोरेटरला हात लावत नाही.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो. इंजिन हवा ओढतं, ती हवा कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना वेग घेते आणि तिथला दाब उतरतो. खाली वाटीत पेट्रोल ठरलेल्या पातळीला उभं असतं. दाबातल्या या फरकामुळे ते जेटमधून वर चढतं आणि हवेत फवारलं जातं. गाडी जागेवर चालू असताना आणि रेस अगदी थोडी दिलेली असताना पायलट जेटचा अंमल. त्याच्या पुढे, साधारण पाव ते पाऊण रेसपर्यंत, स्लाइडला, म्हणजे रेस दिली की गळ्यात वर उचलल्या जाणाऱ्या दट्ट्याला, लटकलेली निमुळती सुई वर-खाली होऊन माप ठरवते. पूर्ण रेसला मेन जेट. हे तिन्ही अंमल एकमेकांत थोडे मिसळलेले असतात, म्हणून एकात बदल केला की शेजारच्याकडेही बघावं लागतं. पण गाडी नेमकी किती रेसला अडखळते हे लक्षात घेतलं तर कुठे हात घालायचा ते अर्धं ठरलेलं असतं. मुठीवर आणि तिच्या शेजारच्या भागावर मी कागदी टेपच्या खुणा करून घेतो, पाव, अर्धी, पाऊण. अंदाजाने रेस ओळखण्यापेक्षा हे बरं.

काकांच्या गाडीवर मिकुनी पद्धतीचा मिकार्ब नावाचा कार्बोरेटर आहे. त्याआधीच्या जावांवर जिकॉव्ह पद्धतीचा असायचा, टिकलर दाबून पेट्रोल ओसंडवायचं आणि किक मारायची. मिकार्बला वेगळा चोक आहे. त्यात झडप नसते, तो एक छोटा प्लंजर उघडून जास्तीचं पेट्रोल सोडतो. या प्लंजरखालचं रबर कडक झालं की चोक पूर्ण बंद होत नाही आणि गाडी कायम काळा प्लग दाखवते, म्हणजे पेट्रोल जास्त. साध्या रबराच्या त्या चकतीकडे बघायला विसरून लोक पायलट जेट लहान करत जातात.

सगळ्यात जास्त वेळ मी पायलट जेटला देतो. मेन जेटच्या शेजारी तो खोल भोकात बसलेला असतो, आणि पितळेचा असल्यामुळे मऊ असतो. स्क्रू ड्रायव्हरचं तोंड त्याच्या खाचेत घट्ट बसलं नाही तर खाच सोलली जाते आणि मग तो निघता निघत नाही. म्हणून एक जुना स्क्रू ड्रायव्हर मी ग्राइंडरवर घासून त्या खाचेच्या मापाचा करून ठेवला आहे, दुसऱ्या कशाला तो वापरत नाही. काकांच्या गाडीतला जेट निघाला तेव्हा काळपट-हिरवा पडलेला होता. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून, पुसून उजेडाला धरला. काही नाही. पुन्हा भिजवला. मग एका वायरचं प्लास्टिक सोलून आतल्या तारांतली एकच तांब्याची तार घेतली, बोटांनी सरळ केली आणि अगदी हलक्या हाताने आत सरकवली. तार मध्येच थांबली. जोर द्यायचा नाही. बाहेर काढायची, क्लीनरचा थेंब सोडायचा, पुन्हा. एका वेळी तारेच्या टोकाला तपकिरी मळाची बारीक काडी चिकटून आली आणि भोकातून खिडकीचा उजेड दिसला. तो ठिपका पूर्ण गोल आहे का ते भिंगातून बघायचं. कडेला चंद्रकोरीएवढा मळ राहिला तरी जागेवरची रेस लागत नाही. टाचणी किंवा स्टीलची तार मात्र कधी घालू नये. पितळ खरवडलं जातं, भोक मोठं होतं आणि जेटवर ठोकलेला भोकाच्या मापाचा नंबर खोटा होतो. तो खोटा नंबर पुढच्या प्रत्येक माणसाला फसवतो.

जेट स्वच्छ झाला म्हणजे रस्ता मोकळा झाला असं नाही. बॉडीच्या आत कोरलेले मार्ग असतात आणि गळ्याच्या तळाशी, स्लाइडच्या कडेजवळ, दोन अतिशय बारीक भोकं असतात. एकातून जागेवर चालण्यापुरतं पेट्रोल येतं, दुसरं रेस उघडता उघडता कामाला लागतं. एका टोकाने क्लीनरचा फवारा सोडायचा आणि दोन्ही भोकांतून सरळ धार येते का ते बघायचं. डोळ्यांना चष्मा लावून, कारण धार कुठून बाहेर येईल सांगता येत नाही. नंतर पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा.

पांढऱ्या भुकटीचा प्रश्न वेगळा. ही बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, ओतीव. वाटीत पाणी साचून राहिलं की धातू फुलतो आणि मार्गांच्या तोंडाशी भुकटी धरतो. लिंबूरसात किंवा चिंचेच्या कोळात रात्रभर बुडवून ठेवा, असं सांगणारे भेटतात. चकचकीत होतं हे खरं, पण जस्ताला आम्ल खातं, आणि भुकटीबरोबर चांगला धातूही जातो. माझा शहापुरातला एक मित्र सराफ आहे. दागिने धुवायचं अल्ट्रासॉनिक मशीन त्याच्याकडे आहे. दुकान बंद झाल्यावर आम्ही कोमट पाण्यात थोडं साबणाचं द्रावण घालून कार्बोरेटरची बॉडी त्यात सोडली. थोड्याच वेळात भोकांतून राखाडी धुरासारखा मळ पाण्यात उतरायला लागला. मित्र म्हणाला, "अरे, सोन्याला पण एवढा मळ नसतो रे." मशीन त्याने दोनदा धुऊन घेतलं, माझ्याचकडून. त्यानंतर लगेच हवा मारून, उन्हात ठेवून सगळं कोरडं केलं. यात आळस करून चालत नाही.

मग फ्लोट, म्हणजे वाटीत तरंगून पेट्रोलची पातळी राखणारा भाग. पितळेचा फ्लोट गरम पाण्यात बुडवला आणि बुडबुडे आले तर कुठेतरी चीर आहे. आधी आतलं पेट्रोल पूर्ण काढायचं आणि मगच डाग द्यायचा. आत पेट्रोलची वाफ असताना सोल्डरिंगची कांडी जवळ नेणं जिवावर बेतू शकतं. डागही कमीत कमी, कारण वजन वाढलं की पातळी बदलली. पातळी भरली की पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोटच्या सुईच्या टोकाला गोल वळ पडला असेल तर सुई बदलायची, घासत बसायचं नाही. बाजारातल्या तयार किटमधले रबर आणि पॅकिंग मी घेतो, जेट घेत नाही. साफ केलेला मूळ जेट किटमधल्या चकचकीत जेटपेक्षा मला जास्त भरवशाचा वाटतो, आणि हे मत बदलण्यासारखं आतापर्यंत काही घडलेलं नाही.

आमच्या शहराचा खरा फायदा होतो तो स्लाइड झिजली की. वर्षानुवर्षं वर-खाली होऊन स्लाइड आणि तिचा मार्ग दोन्ही झिजतात, बाजूने हवा शिरते आणि जागेवरची रेस कधी लागते, कधी लागत नाही. पुष्कळ जण इथे कार्बोरेटर भंगारात टाकतात. बेळगावात मात्र उद्यमबाग ही कारखान्यांची वसाहत आहे. ओतकाम आणि लेथ या दोन गोष्टींवर हे शहर वाढलं. इथल्या फौंड्र्यांतून पंपांचे, व्हॉल्व्हचे, गाड्यांचे सुटे भाग देशभर जातात. तिथल्या एका टर्नरने स्लाइडचं माप मायक्रोमीटरने चार ठिकाणी घेतलं, बॉडीचं भोक बोअर करून पितळेची पातळ बाही बसवली आणि आतून इतकी साफ केली की स्लाइड आपल्या वजनाने सावकाश खाली उतरते, कुठे अडकत नाही. एवढ्या कामाचे पैसे घेताना तो संकोचला. म्हणाला, "मोठा जॉब न्हाई की ह्यो." मी आग्रहाने दिले. असं काम करणारे हात ज्या गावात आहेत तिथे जुनी बॉडी टाकून देणं मला पटत नाही.

जोडणी झाल्यावर सांगायची वेळ येते. एअर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत घ्यायचा आणि दीड फेरा बाहेर. ही सुरुवात. इंजिन चांगलं तापू द्यायचं आणि मग पाव-पाव फेरा फिरवत, रेस सगळ्यात वर आणि सरळ कुठे लागते ते शोधायचं. या कार्बोरेटरला हा स्क्रू हवेचा आहे, फिल्टरच्या बाजूला. आत घेतला की हवा कमी, म्हणजे मिश्रण रिच, पेट्रोल जास्त. काही गाड्यांना तो पेट्रोलचा असतो आणि सगळं उलटं होतं. मेन जेटसाठी बेळगुंदीकडच्या मोकळ्या रस्त्यावर पूर्ण रेसमध्ये थोडा वेळ पळवायची, तिथेच क्लच दाबून चावी बंद करायची आणि प्लग काढून बघायचा. कॉफीचा रंग असेल तर ठीक. पांढरा असेल तर पेट्रोल कमी पडतंय, तशीच घरी आणायची, सावकाश.

ही मापं बेळगावची. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर वर राहतो, आणि इथली हवा किनाऱ्यापेक्षा काही टक्के विरळ आहे. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत तीच गाडी गोव्यातल्या साखळी गावाला उतरवली की ती दाट हवेत येते. जेट तोच, हवा जास्त, म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोल कमी. फरक मोठा नाही, पण बेळगावात अगदी काठावर लावलेली गाडी गोव्याच्या उन्हात, पणजीच्या सपाट रस्त्यावर पूर्ण रेसला पळवली तर तेवढा फरक पिस्टनला पुरतो. म्हणून खाली जाताना एक नंबर मोठा मेन जेट लावायचा आणि एअर स्क्रू थोडा आत घ्यायचा.

घाट उतरण्याचंही एक शास्त्र जुन्या लोकांकडे होतं. काका चोर्ला उतरताना मध्येच क्लच दाबून उगाच रेस द्यायचे. लहानपणी मागे बसून मला तो त्यांचा शौक वाटायचा. लांब उतारावर रेस बंद ठेवून गिअरमध्ये गाडी सोडली की इंजिन तर फिरतंय, पण पेट्रोल येत नाही, आणि पेट्रोलाबरोबरचं ऑइलही येत नाही. मधूनमधून दिलेली ती रेस म्हणजे पिस्टनला तेल पाजणं होतं.

आता इथेनॉलबद्दल. हा विषय आमच्याकडे नाजूक आहे, कारण हे इथेनॉल आमच्याच शिवारातून येतं. चिकोडी, रायबाग, अथणी, कागवाडचा ऊस कारखान्यात जातो, साखरेबरोबर इथेनॉल निघतं आणि ते पेट्रोलात मिसळतं. २०२२ मध्ये देशात दहा टक्के मिश्रण झालं, २०२५ मध्ये वीस टक्के. ऊसवाल्यांचे पैसे यामुळे लवकर सुटत असतील तर मला ते हवंच आहे, माझ्या घरातही ऊस आहे. पण जुन्या कार्बोरेटरला हे नवं पेट्रोल वेगळं लागतं, हेही स्पष्ट सांगायला हवं. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९ किलोच. वीस टक्के मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे जुन्या जेटवर गाडी आपोआप लीन झाली, कुणी काही न फिरवता. त्यात इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात, थेट वाटीत, जस्ताच्या धातूवर. टाकीत वर्षानुवर्षं चिकटून बसलेला मळ ते सोडवतं आणि तो जेटमध्ये आणतं. साध्या रबराच्या ओ-रिंगा फुगतात.

खानापूरसारख्या ओल्या मुलखात हे सगळं दुपटीने घडतं. म्हणून मेन जेट एक नंबर वर नेला, सुईची क्लिप एक खाच खाली घेतली म्हणजे सुई वर आली, पेट्रोलची नळी आणि सील इथेनॉल सोसणारी बसवली, आणि कॉकनंतर एक काचेचा फिल्टर घातला ज्यात पाणी उतरलेलं दिसतं. पावसाळ्यात गाडी चार-आठ दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवतो, वाटी कोरडी होते. टाकी मात्र काठोकाठ भरलेली, आत दमट हवेला जागाच ठेवायची नाही. काका शेडमध्ये गाडी झाकून गेले तेव्हा हे करायला कुणी नव्हतं.

गाडी आता रोज चालते. उस्तादांनी ऐकून बघितली, एअर स्क्रू किंचित आत घेतला, पुन्हा होता तिथे नेला आणि म्हणाले, "राहू दे." मग शेजारच्या गल्लीतले एक निवृत्त सुभेदार त्यांची बुलेट घेऊन आले. कार्बोरेटरची फ्लँज, म्हणजे इंजिनला टेकणारी कड, वाकलेली आहे, तिथून हवा खाते. काचेवर पॉलिश पेपर ठेवून ती सपाट करायला घेतली आहे, सुई ज्यात वर-खाली होते तो नीडल जेटही झिजलाय. सुभेदार दर गणपतीला आंबोलीचा घाट उतरून खाली सावंतवाडीला जातात, तेव्हा मेन जेट दोन मापांचे लागणार. मोठा मागवला आहे.